मेइक्टिलाचा शर्मन : किट निवडीपासूनच्या नोंदी

१४ जून २०२५, शनिवार

टेबल मोकळं झालंय. नाशकात पाऊस लागला की संध्याकाळी बाहेर पडणं कमी होतं, तेव्हा मोठं काम हाती घ्यायला हाच काळ बरा. या वेळी रणगाड्याचं प्लास्टिक मॉडेल करायचं, १:३५ मध्ये, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढं, आणि तो रणगाडा भारतीय जवानांनी लढाईत चालवलेलाच असला पाहिजे. ही अट आधीच घालून घेतोय, कारण किटची (जोडायच्या सुट्या भागांच्या खोक्यांची) कुठलीही यादी उघडा, टायगर आणि पँथर या जर्मन रणगाड्यांचा सुळसुळाट असतो. टायगर वन एकूण साडेतेराशेच्या आसपास बनले, अमेरिकी शर्मन ४९ हजारांच्या घरात. खोक्यांची रांग बघून कुणाला हे खरं वाटणार नाही.

मनात चार जागा आहेत. झोजीला, १ नोव्हेंबर १९४८ : ७ लाइट कॅव्हलरीने स्टुअर्ट रणगाडे साडेअकरा हजार फुटांवरच्या खिंडीत चढवले. असल उत्तर, सप्टेंबर १९६५ : डेक्कन हॉर्सचे जुने शर्मन पाकिस्तानच्या पॅटन रणगाड्यांच्या समोर ठाकले. बसंतर, १६ डिसेंबर १९७१ : पूना हॉर्सचा सेंच्युरियन ‘फामागुस्ता’ आणि त्यात सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल. आणि ब्रह्मदेशातलं मेइक्टिला, मार्च १९४५.

फामागुस्ता मी करणारच आहे. पण मूळ गाडी नगरला जपून ठेवलेली असताना ती घाईने करायची नाही. तिला सवडीने, स्वतंत्र हात घालेन.

१५ जून

मेइक्टिला ठरलं.

मंडाले म्हटलं की आपल्याला टिळक आठवतात, १९०८ ते १९१४ चा तुरुंगवास आठवतो. त्याच मंडालेच्या दक्षिणेला मेइक्टिला आहे. जपान्यांची रसद, विमानतळ, दारूगोळा, इस्पितळं, सगळं तिथे एकवटलेलं होतं. ब्रिटिश सेनापती स्लिमच्या चौदाव्या सेनेने मंडालेवर चाल करत असल्याचं भासवलं आणि दुसरी फौज गुपचूप खाली नेऊन इरावती ओलांडली. १४ फेब्रुवारी १९४५ ला न्याउंगूपाशी सातवी इंडियन डिव्हिजन पलीकडे उतरली. तिच्यामागून सतरावी इंडियन डिव्हिजन आणि २५५ इंडियन टँक ब्रिगेड नदीपार झाली आणि मेइक्टिलाकडे सुटली. ३ मार्चपर्यंत गाव हातात आलं. मग जपान्यांनी उलट वेढा घातला आणि महिनाभर तिथे झुंज चालली. विमानतळाची धावपट्टी रोज सकाळी आधी मोकळी करायची, मगच विमानं उतरायची.

या ब्रिगेडमध्ये प्रोबिन्स हॉर्स आणि रॉयल डेक्कन हॉर्स अशा दोन भारतीय रेजिमेंट होत्या, तिसरी ब्रिटिश. गाड्या शर्मन. म्हणजे वीस वर्षांनी असल उत्तरला उभी राहिलेली डेक्कन हॉर्स इथेही आहे. माझ्या दृष्टीने निवडीचा निकाल इथेच लागला.

२१ जून

आता खरा प्रश्न : कोणता शर्मन?

शर्मन म्हणून एकच एक गाडी नाही. वरून सगळ्या सारख्या दिसतात, पण इंजिन बदललं की मागचा भाग बदलतो. एम४ आणि एम४ए१ या प्रकारांना विमानाचं नऊ सिलिंडरचं रेडियल इंजिन. एम४ए२ ला दोन डिझेल. एम४ए३ ला फोर्डचा व्ही-८. आणि एम४ए४ ला क्रायस्लरचा मल्टिबँक : मोटारीची सहा सिलिंडरची पाच इंजिनं एका गिअरभोवती जुळवून केलेलं तीस सिलिंडरचं धूड. अमेरिकेला रणगाड्याची इंजिनं पुरत नव्हती, तेव्हा क्रायस्लरने हाताशी होतं त्यातून हे उभं केलं. मी अंबडला टूलरूममध्ये काम करतो. पाच इंजिनांची ताकद एका शाफ्टवर आणायची म्हणजे काय, याची कल्पना करूनच त्या माणसांबद्दल आदर वाटतो. असे ७,४९९ रणगाडे डेट्रॉइटला बनले आणि बहुतेक ब्रिटिशांच्या वाट्याला आले. ब्रिटिश त्याला शर्मन ५ म्हणायचे. २५५ ब्रिगेडकडे हेच होते.

एवढं मोठं इंजिन मावावं म्हणून हल, म्हणजे रणगाड्याचं धड, सुमारे ११ इंचांनी लांबवला. १:३५ मध्ये हे होतात आठ मिलिमीटर. मॉडेलवर आठ मिलिमीटर म्हणजे डोळ्यांत भरणारी गोष्ट. लांबी वाढली म्हणून बोगी (दोन-दोन चाकांचे सांगाडे) एकमेकींपासून लांब गेल्या. साध्या एम४ मध्ये सगळी चाकं दाटीवाटीने सारख्या अंतरावर असतात, एम४ए४ मध्ये दर दोन चाकांच्या जोडीनंतर मोकळी फट दिसते. फोटो कितीही धुरकट असो, ती फट दिसली की गाडी ओळखली. (एम४ए६ चंही बूड असंच लांब होतं, पण ते ७५ च बनले, तेव्हा इथे त्यांचा संबंध नाही.)

चाकांवरून फिरणाऱ्या पट्ट्याचंही गणित जुळतं. शर्मनच्या पट्ट्याची कडी सहा इंचांची. साध्या गाडीला एका बाजूला ७९ कड्या, एम४ए४ ला ८३. हल ११ इंच वाढला तर पट्टा वरून आणि खालून मिळून २२ इंच जास्त लागणार, म्हणजे पूर्ण चार कड्या. वहीत हे लिहून बघितलं तेव्हा फार समाधान वाटलं. खोका विकत घेण्याआधी अशी एक तरी मोजणी स्वतः करावी, मग जाहिरातीतल्या चित्राला माणूस भुलत नाही.

२८ जून

किटची पाहणी. मुंबईच्या आणि बंगळुरूच्या दुकानांत काय मिळतंय ते बघितलं.

टॅमिया या जपानी कंपनीचा एम४ शर्मन, सुरुवातीच्या उत्पादनाचा. सहज मिळतो, भावही परवडणारा, आणि टॅमिया म्हणजे भाग एकमेकांत बसणारच. नवख्याला मी डोळे मिटून हाच सांगेन. पण हल आखूड, रेडियल इंजिनचा. मेइक्टिलासाठी बाद.

टॅमियाचाच एम४ए३. फोर्डचं इंजिन, मुख्यतः अमेरिकी सैन्याची गाडी. बाद.

७५ मिलिमीटर तोफेचा थेट एम४ए४ मला भारतातल्या कुणाच्या फळीवर दिसला नाही. जे आहेत ते फायरफ्लाय व्हीसी : ड्रॅगनचा, असुकाचा, राय फील्डचा, आणि छोट्या १:७२ मध्ये एअरफिक्सचा. फायरफ्लाय व्हीसी म्हणजे एम४ए४ च्याच हलवर ब्रिटिशांनी १७ पौंडी तोफ बसवलेली गाडी. नॉर्मंडीत तिने जर्मन रणगाड्यांना धाक बसवला. ब्रह्मदेशातल्या या ब्रिगेडकडे मात्र ती नव्हती आणि तिथे तिची गरजही नव्हती. जपानी हा-गो रणगाडा साडेसात टनांच्या आतला, त्याचं चिलखत जाडीत जास्तीत जास्त १२ मिलिमीटर. तिथे शर्मनच्या तोफेचं मुख्य काम मातीचे आणि ओंडक्यांचे बंकर फोडणं हे होतं, आणि त्याला ७५ चा स्फोटक गोळा उत्तम.

म्हणजे हल फायरफ्लायचा हवा, टरेट (तोफेचा फिरता घुमट) साध्या शर्मनचं.

२९ जून

टॅमियाचा हल कापून मध्ये आठ मिलिमीटरची पट्टी घालण्याचा विचार कागदावर मांडून बघितला. हात तेवढा चालतो. पण नुसती लांबी वाढवून भागत नाही. एम४ए४ च्या इंजिनावरच्या झाकणाला पंख्यासाठी उंचवटा आहे, पोटालाही फुगवटा आहे, मागच्या चिलखती पत्र्याची मांडणी वेगळी, बोगींच्या जागा वेगळ्या. पाऊण गाडी नव्याने बनवावी लागेल. त्यापेक्षा दोन खोके घ्यावेत.

आणि दोन खोक्यांचा हिशेब बसतोही छान. राय फील्डचा फायरफ्लाय व्हीसी घेतला तर लांब हल मिळतो, शिवाय पट्ट्याच्या हलत्या कड्या. टॅमियाच्या एम४ मधून ७५ चं टरेट आणि पुढच्या मशीनगनचा गोळा (तिची फिरती गोल बैठक). उरतं काय? टॅमियाचा आखूड हल आणि १७ पौंडी तोफेचं टरेट. ही जोडी म्हणजे फायरफ्लाय आयसी. ब्रिटिशांनी साध्या एम४ वरही ती तोफ चढवली होती. दोन खोक्यांतून दोन खऱ्या, इतिहासात असलेल्या गाड्या, टाकून द्यायला काही नाही.

खर्च दुप्पट, पण गाड्याही दोन. सौ.ला हिशेब दाखवला. ती म्हणाली, “दुसरी गाडी पुढच्या वर्षी करायची, एवढं लिहून दे.” लिहून दिलं.

५ जुलै

नगरला जाऊन आलो. सिन्नर, शिर्डी, राहुरी करत सकाळी पोचलो. कॅव्हलरी टँक म्युझियम १९९४ पासून आहे आणि रणगाड्याचं मॉडेल करणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाने एकदा तरी तिथे जावं असं माझं मत आहे. माटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल, पॅटन, आणि जपानी हा-गो सुद्धा. हा-गोच्या शेजारी उभं राहिलं की त्या १२ मिलिमीटर चिलखताच्या आकड्याचा अर्थ कळतो. आत बसलेल्या पोरांचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही, मग ती कुठल्याही देशाची असोत.

शर्मनपाशी बराच वेळ थांबलो. ओतीव टरेटचा पृष्ठभाग खडबडीत असतो हे वाचून माहीत होतं, पण तो खडबडीतपणा सगळीकडे सारखा नाही. गालांवर बारीक, कडांपाशी भरड, आणि साच्याचा जोड जिथे घासून काढलाय तिथे घासण्याच्या तिरक्या रेघा अजून दिसतात. वेल्डिंगच्या रेषा बोटाएवढ्या रुंद आणि हाताने मारलेल्या : कुठे जाड, कुठे दबलेल्या. १:३५ मध्ये बोटाची रुंदी अर्ध्या मिलिमीटरला येते. बहुतेक किटमध्ये ही रेषा फारच नीटनेटकी असते. तिथे ताणलेल्या स्प्रूचा (किटचे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीत येतात तिचा) धागा चिकटवून, मऊ करून, सुरीच्या टोकाने टोचायचा.

म्युझियममधल्या रंगावर मात्र भिस्त ठेवायची नाही. तिथल्या गाड्यांवर देखभालीसाठी वर्षानुवर्षं रंगाचे थर चढलेत. रंगासाठी जुने फोटो आणि कागदपत्रंच.

१२ जुलै

देवळाली कॅम्पातल्या काकांकडे फोटो घेऊन गेलो. काका तोफखान्यातून निवृत्त झालेत. रणगाड्यावर नव्हते, पण मोहिमेवर निघालेली गाडी कशी दिसते हे त्यांना कुणी सांगायला नको. लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमच्या संग्रहातले १९४५ चे ब्रह्मदेशातले फोटो मी मोठे करून छापून नेले होते.

चष्मा लावून त्यांनी एकेक बघितला. “अरे, ताडपत्री बघ कुठे बांधलीय. मागे, पण धुराड्याच्या तोंडावर नाही येऊ दिली. आणि हे पुढे जे टांगलंय ते पट्ट्याच्या सुट्या कड्या. कडी तुटली तर बदलायला, आणि तोवर तेवढंच जास्तीचं लोखंड अंगावर.” मग पाण्याच्या डब्यांवर बोट ठेवून म्हणाले, “पाणी जास्त आहे. कोरडा मुलूख दिसतोय.”

बरोबर. ब्रह्मदेश म्हटला की घनदाट जंगल डोळ्यांपुढे येतं आणि बहुतेक मॉडेलकार गाडीला हिरव्या वेलींत गुंडाळतात. मेइक्टिला मध्य ब्रह्मदेशाच्या कोरड्या पट्ट्यात आहे. मार्चमध्ये तिथे धूळ, उघडं माळरान आणि ताडाची झाडं. फोटोत गाड्यांच्या मागे धुळीचे लोट आहेत आणि पायदळाचे जवान नाकातोंडाला फडकी बांधून चाललेत.

पायदळ इतकं चिकटून का चाललंय, हेही काकांना सांगितलं. मेइक्टिलात जपानी सैनिक जमिनीतल्या खड्ड्यात विमानाचा बॉम्ब मांडीशी घेऊन बसत. हातात दगड. रणगाडा डोक्यावर आला की बॉम्बच्या नाकावर दगड मारायचा. त्यांना आधी गाठायला रणगाड्याच्या पुढे माणसं चालणं भाग होतं. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “पायदळाची माणसं ठेव सोबत. नुसती गाडी करू नकोस.”

ठेवणार. तीन आकृत्या, गाडीच्या पुढे, नजर जमिनीवर.

१९ जुलै

दोन्ही खोके मागवले. लॅकर थिनर वेगळा, रस्त्याने येणाऱ्या पार्सलने. हवाई कुरिअरवाले ज्वालाग्राही बाटल्या घेत नाहीत, तेव्हा त्याला वेळ लागेल.

२ ऑगस्ट

खोके आले. स्प्रू कोमट साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवले. साच्याचं तेल राहिलं तर प्रायमर सुटतो.

आधी व्हर्नियर घेऊन बसलो. शर्मनच्या सगळ्या प्रकारांत टरेटच्या रिंगचा व्यास ६९ इंच. १:३५ मध्ये ५० मिलिमीटर. म्हणूनच प्रत्यक्षातही वेगवेगळी टरेटं वेगवेगळ्या हलवर बसत होती. मॉडेलच्या दोन कंपन्यांमध्ये मात्र अडकवायचे खाचे वेगळे असतात. टॅमियाच्या टरेटचे कान कापून, खाली प्लास्टिक शीटची कडी चढवून ते राय फील्डच्या भोकात सैल-घट्ट तपासलं. फिरतं, डुगडुगत नाही.

हलच्या पुढच्या पत्र्याचं काम जास्त आहे. फायरफ्लायमध्ये पुढचा मशीनगनवाला काढून त्याच्या जागी गोळे ठेवले आणि भोक पत्र्याने बुजवलं. मला तो माणूस परत हवा. बुजवलेल्या जागेचं मध्य काढून, लहान ड्रिलपासून सुरू करून भोक वाढवत नेलं आणि टॅमियाच्या मशीनगनचा गोळा बसवला. काढलेलं झाकण जपून ठेवलंय, ते आयसीच्या हलला लागणार.

टरेटच्या मागची रेडिओची पेटी आणि भरणाऱ्याचं छतावरचं झाकण या फायरफ्लायच्या खुणा. टॅमियाचं टरेट वापरल्याने दोन्ही आपोआप टळल्या.

१० ऑगस्ट

तोफेची नळी. किटमधलीही चालली असती, पण लेथ हाताशी आहे. फोरमनसाहेबांची परवानगी घेऊन पाळी सुटल्यावर पितळी सळईतून नळी काढली. तोंडाचा व्यास ७५ भागिले ३५, म्हणजे २.१४. दोन पूर्णांक एकच्या ड्रिलने भोक पाडलं, कड हलकी मोडली. पितळेचा कणा हलवून बघितला की वजनाचा जो भरवसा येतो तो प्लास्टिकला नाही.

१५ ऑगस्ट

मुलीने सकाळी शाळेतून आल्यावर फोटो चाळले. नववीत आहे. म्हणाली, “बाबा, इरावतीपाशी आझाद हिंद सेना पण होती ना? मग हे त्यांच्याच विरुद्ध लढले?”

होती. न्याउंगूच्या आसपास धिल्लन यांची तुकडी होती, पोपा डोंगराच्या बाजूला प्रेमकुमार सहगल यांची. धिल्लन आणि सहगल म्हणजे पुढे लाल किल्ल्यातल्या खटल्यात उभे राहिलेलेच. नदीच्या दोन्ही बाजूंना हिंदी माणसं होती. एका बाजूला पगारी फौजेत भरती झालेली, घरी मनीऑर्डर पाठवणारी. दुसऱ्या बाजूला स्वातंत्र्यासाठी बाजू बदललेली. मला दोघांविषयीही वाटतं, आणि हे मी तिला तसंच सांगितलं. तिने विचारलं, पाटीवर ते लिहिणार का. लिहायलाच हवं. पाटीचा मजकूर तिने लिहायचा असं ठरलं.

२३ ऑगस्ट

संततधार. हवेत इतका ओलावा असताना लॅकर मारला तर रंगावर पांढुरकी झाक येते. प्रायमर पुढे ढकलला. तोवर बोगी, चाकं, पट्ट्याच्या कड्या. बाजूला ८३ मोजून लावल्या, ताण बरोबर आला.

१३ सप्टेंबर

दोन दिवस ऊन पडलं, प्रायमर मारून घेतला. त्यावर ऑलिव्ह ड्रॅब, मळकट लष्करी हिरवा. गाड्या अमेरिकेतून याच रंगात आल्या. सपाट भागांत थोडा पिवळा मिसळून उजळ केला, उन्हाने विटल्यासारखा.

पांढरे तारे डिकलने (चिकटवायच्या छापील चित्राने) नाही, स्टेन्सिल कापून. फोटोत टरेटच्या बाजूवर तारा स्पष्ट दिसतो आणि त्याच्या कडा रंगवणाऱ्याच्या हाताच्या आहेत. गाडीचं नाव मात्र लिहिणार नाही. माझ्यासमोरच्या फोटोत ते वाचता येत नाही, आणि त्या माणसांच्या गाडीला आपल्या मनाने नाव ठेवण्याचा हक्क मला नाही.

२० सप्टेंबर

धूळ. दुकानातल्या पिगमेंटऐवजी सिन्नरच्या पुढच्या माळावरून आणलेला मुरूम वापरतोय. आपली काळी माती इथे चालत नाही, ती ओली दिसते. मुरूम वाळवला, खलात कुटला, सौ.च्या जुन्या मलमलीतून वस्त्रगाळ केला. तांबूस-पिवळट भुकटी निघाली. चाकांच्या मागे, फेंडरखाली आणि मागच्या झाकणावर कोरड्या ब्रशने बसवली, वर थिनरचा एक थेंब. टरेटच्या वरच्या कडा मोकळ्या सोडल्या, तिथे माणसांचे हात आणि बूट लागतात, धूळ टिकत नाही.

काकांनी सांगितल्याप्रमाणे ताडपत्री धुराड्यापासून दूर बांधली. पाण्याचे डबे पाच.

२७ सप्टेंबर

पाटीचा मजकूर मुलीने दिला, मी फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघितलं :

“शर्मन ५ (एम४ए४). २५५ इंडियन टँक ब्रिगेड, मेइक्टिला, ब्रह्मदेश, मार्च १९४५. याच मोहिमेत इरावतीच्या काठी आझाद हिंद सेनेचे जवानही लढले.”

सातपूरला एका कारागिराकडे पितळी पट्टीवर कोरायला दिली आहे. आता उरलंय पायदळ. तिन्ही आकृत्यांचे बूट, पट्टे आणि फडकी रंगवायची, मग तळावर खड्ड्यांच्या जागा ठरवायच्या. आखूड हल, १७ पौंडी टरेट आणि बुजवायचं झाकण एकत्र करून टॅमियाच्या खोक्यात ठेवलंय. वर ‘आयसी, २०२६’ असं लिहिलंय.